खाकीतल्या पोराचे आठ तास



आपल्या मोर्च्यासमोर काठी घेऊन जो उभा राहतो, तो बहुतेक वेळा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा असतो. कपाशीत भागेना म्हणून भरतीला पळाला, निवड झाली आणि दादरजवळच्या नायगावच्या पोलिस लाइनीत नाहीतर वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत त्याने संसार मांडला. त्याच्या खात्यात सुधारणा कशी होते आणि कुठे अडते, याचा विचार आपण कधी केला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणगावात संप सुरू झाला. आपली रुई कातणाऱ्या परळ-लालबागच्या गिरण्यांतून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईचे पोलिस शिपाई उठले. पगार, घरे, साहेबांच्या घरची कामे, सगळेच साचले होते. गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले. जाळपोळ झाली, लूट झाली. तिचे समर्थन मी करणार नाही. पण सरकारने काय केले? लष्कर बोलावले, शिपायांच्या संघटनेची मान्यता काढली, अनेकांना घरी बसवले. १९६६ चा कायदा होताच. परवानगीशिवाय पोलिसाला संघटना करता येत नाही. दुखणे तसेच ठेवून तोंड तेवढे शिवले.

मग मे २०१६ मध्ये देवनार ठाण्यात एक प्रयोग सुरू झाला. बारा तासांच्या पाळीऐवजी आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. आराखडा कुणा सचिवाचा नव्हता. तिथलेच पोलिस कर्मचारी रवींद्र पाटील यांनी तो मांडला आणि आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ऐकून घेतला. माणसे आणायची कुठून, हा नेहमीचा प्रश्न. पण कोणत्या जागी किती माणसे खरोखर लागतात, हे तिथे रात्र काढणाऱ्यालाच ठाऊक असते. पुढे २०१८ पर्यंत ही पद्धत मुंबईच्या इतर ठाण्यांत गेली.

मला यात नवल वाटले नाही. शेतकीची पदवी घेऊन शिफारशी वाटत मी गावोगाव हिंडलो आहे. ज्वारीच्या रानात ज्या टिकल्या, त्या कुणीतरी शेतकऱ्याने आधी आपल्या धुऱ्यावर करून पाहिलेल्या होत्या.

पण ही घडी पक्की नव्हती. गणपतीत लालबागला रांग लागली की आठ तास कुठले! करोनाच्या काळात तर सगळेच विस्कटले. जानेवारी २०२२ मध्ये महासंचालकांनी राज्यातल्या महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी द्यायचा आदेश काढला. त्याआधी नागपूर आणि अमरावती शहरांत ती करून पाहिली होती. चांगले झाले. तरी तो आदेशच. एका साहेबाने दिलेले दुसरा साहेब काढून घेतो. शासकीय खरेदी केंद्र उघडणे-बंद होणे आपण पाहतोच की.

म्हणून माझे मत असे, की जिल्हा मेळाव्यात कापसाच्या भावाच्या ठरावाखाली आणखी एक ठराव यावा : आठ तास शिपायांपासून फौजदारांपर्यंत सर्वांना नियम म्हणून लिहून मिळावेत आणि आपले म्हणणे मांडायला शिपायांना त्यांचे स्वतःचे मंडळ असावे. काही कार्यकर्ते विचारतील, ज्यांनी पाठीवर वळ उठवले त्यांच्यासाठी ठराव? माझ्याही पाठीवर आहेत. वळ उठवणारा त्या दिवशी किती तास उभा होता, हे मी त्याला विचारले नाही.

मेळाव्याच्या बंदोबस्ताला जी पोरे येतील, त्यांना हा अंक द्या. साहेबासमोर घेणार नाहीत. चहाच्या वेळी द्या.