अहवालाला उत्तर देण्याचे बंधन हवे

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याचे दहा डबे घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या जागांभोवती मार्च महिन्यातच जमावबंदीचा हुकूम काढण्याची पाळी शहरावर आली होती. या संकटाला निसर्गाचा कोप म्हणून मोकळे होणे सोयीचे असले, तरी ते खरे नव्हे. तुटीच्या खोऱ्यांत पाण्याचा वापर कसा असावा, हे राज्य सरकारला १९९९ मध्येच लेखी सांगण्यात आले होते.

सांगणारे कोणी चळवळे नव्हते. माधवराव चितळे हे सरकारच्याच घरचे अभियंते. राज्याच्या सेवेतून ते केंद्रीय जलसंसाधन खात्याच्या सचिवपदापर्यंत गेले. १९९३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार त्यांना मिळाला. १९९५ मध्ये नेमलेल्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचे ते अध्यक्ष होते. राज्याच्या पाण्याचा विचार जिल्ह्यांच्या सीमांनी न करता उपखोऱ्यांनी करावा आणि वर्षाला हजार मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ऊस घेऊ नये, अशी या आयोगाची भूमिका होती. लातूरचे सरासरी पाऊसमान या मर्यादेच्या बरेच आत आहे. तरीही मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस वाढत गेला. राज्यातील पिकांखालच्या सुमारे ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, असे पुढे केंद्रीय कृषिमूल्य आयोगानेही नोंदविले.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. उसाला ठरलेला दर आहे आणि ठरलेला गिऱ्हाईकही आहे. लातूरची बाजारपेठ तुरीसाठी नावाजलेली असली, तरी तूर पिकविणाऱ्याला पुढच्या वर्षी काय भाव मिळेल हे कोणी सांगू शकत नाही. ऊस सोडा म्हणणाऱ्याने तुरीच्या भावाची हमी द्यावयास हवी. आणि ती देणे हे तज्ज्ञाचे काम नसून मंत्रिमंडळाचे आहे. सल्लागाराचे शास्त्र जेथे संपते तेथून राज्यकर्त्यांची जबाबदारी सुरू होते. नेमके तेथेच सारे अडले.

मजेची गोष्ट अशी की, चितळे यांच्या शब्दाला सरकारदरबारी किंमत नव्हती असे नाही. २०१२ च्या अखेरीस सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहारांच्या आरोपांनी सरकार अडचणीत आले, तेव्हा विशेष चौकशी पथकाच्या अध्यक्षपदासाठी त्यांचीच आठवण झाली. तज्ज्ञाचे नाव सरकारला हवे असते; त्याचा निष्कर्ष मात्र जड जातो. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीचा २०११ चा अहवाल तर लोकांसमोर यावा यासाठीही माहितीच्या अधिकाराची लढाई लढावी लागली आणि तो आल्यावर त्याचे परीक्षण करावयास दुसरा गट नेमण्यात आला.

सरकारने प्रत्येक सल्ला मानलाच पाहिजे, असे कोणी म्हणणार नाही. निवडून आलेल्यांना तो नाकारण्याचा अधिकार आहे. परंतु नकाराची कारणे त्यांनी उघडपणे सांगितली पाहिजेत. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखालील अहवाल, त्यावरील कार्यवाहीच्या निवेदनासह, सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. पाणी, जंगल, जमीन यांविषयी सल्ला देण्यासाठी नेमलेल्या आयोगांना असे संरक्षण नाही. ते द्यावे. कोणती शिफारस मान्य, कोणती अमान्य आणि का, हे मंत्र्यांनी सभागृहात सांगावे. १९९९ नंतर असे झाले असते, तर नांदेड-लातूरच्या आमदारांना उसाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीतरी बोलावे लागले असते आणि ते मतदारांच्या कानी पडले असते.

२०१६ च्या पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरले. रेल्वेचे पाणी त्याआधीच बंद झाले होते. धरणाच्या लाभक्षेत्रात पुन्हा उसाची लागण सुरू झाली.