पाहणारी आणि घडविणारी

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीचे गाव म्हणून साऱ्या देशाला ठाऊक आहे. येथे घडलेले पैंजण, तोडे, वाळे आणि साखळ्या देशातील कानाकोपऱ्यांतल्या सराफी पेठांत विकल्या जातात. पण हा धंदा एखाद्या कारखान्याच्या आवारात मावणारा नाही. चांदी आटविणे आणि तार ओढणे ही कामे भट्टीवर व यंत्रावर होतात. कड्या जोडणे, घुंगरू ओवणे यांसारखी बारीक, डोळे शिणविणारी कामे मात्र घराघरांतून चालतात आणि त्यांत बायकांचे हात मोठ्या संख्येने असतात. संध्याकाळी अशा घरात डोकावले तर एक परिचित दृश्य दिसते. मांडीशी कड्यांचे ताट, हातात चिमटा आणि समोर चालू असलेला दूरचित्रवाणी संच. मालिकेतील सुनेवर अन्याय झाला की चिमटा क्षणभर थांबतो आणि पुन्हा चालू लागतो.

या दृश्याकडे पाहून पुरोगामी कार्यकर्त्याच्या मनात बहुधा दोन विचार येतात. पहिला, ही बाई मालिकांच्या नादी लागली आहे, ती सभेला कशी येणार? दुसरा, ही गृहिणी फावल्या वेळात चार पैसे मिळवीत आहे. हे दोन्ही विचार चुकीचे आहेत आणि त्यांची चूक एकाच जातीची आहे. पहिल्यात तिच्या आवडीचा अवमान आहे, दुसऱ्यात तिच्या श्रमाचा. समाजवादी चळवळीला असंघटित स्त्रियांपर्यंत खरोखर पोहोचावयाचे असेल, तर या दुहेरी अवमानाचा हिशेब आधी केला पाहिजे.

पहिल्या अवमानाचा हिशेब विद्यापीठीय संशोधनाने पुष्कळसा केलेला आहे. लोकप्रिय करमणूक ही जनतेला गुंगविणारी अफू आहे आणि तिचे चाहते, विशेषतः स्त्रिया, भाबड्या व भावुक असतात, हा समज एके काळी डाव्या व उजव्या विचारवंतांत सारखाच रूढ होता. १९८०च्या दशकात काही संशोधक स्त्रियांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी चाहत्या स्त्रियांनाच विचारले. नेदरलँड्समधील ईन आंग यांनी एका महिला मासिकात जाहिरात देऊन 'डॅलस' या अमेरिकन मालिकेविषयी वाचकांची मते मागविली. त्यांना बेचाळीस पत्रे आली. त्यांच्या आधारे १९८२ साली सिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी दाखविले की, तेलसम्राटांचे ते ऐश्वर्य खरे नाही हे प्रेक्षकांना पुरते माहीत असते. खरी वाटतात ती त्यातील दुःखे, भांडणे आणि फसवणूक. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली अमेरिकेतील प्रेमकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुस्तक हाती धरणे म्हणजे 'हा वेळ माझा आहे' असे नवऱ्याला व मुलांना बजावणे होय, असे त्या स्त्रियांच्या बोलण्यातून त्यांना आढळले. कथानक जुन्याच वळणाचे, पण वाचण्याची कृती मात्र किंचित बंडाची, असा हा पेच होता.

भारतातही हे घडले. पूर्णिमा माणकेकर यांनी दिल्लीतील सामान्य कुटुंबांत बसून दूरदर्शनच्या मालिका पाहणाऱ्या स्त्रियांशी बोलणे केले. त्यांचा ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. 'महाभारत' मालिकेतील द्रौपदीच्या वस्त्रहरणाविषयी बोलताना अनेक स्त्रिया आपल्याच घरातील व समाजातील असुरक्षिततेविषयी बोलू लागल्या, हे त्यांचे निरीक्षण कोणाही कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. जी गोष्ट सभेत उठून बोलता येत नाही, ती द्रौपदीच्या नावाने बोलता येते. हुपरीतील बाई मालिकेतील सासूवर टीका करते, तेव्हा ती केवळ सासूवर बोलत असते असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील समाजवाद्यांना हे मुळीच नवे वाटावयास नको होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी तमाशाचा बाज उचलून लोकनाट्य उभे केले. वसंत बापटांसारखे कवी त्यात होते आणि निळू फुल्यांसारखे नट त्यातून घडले. लोकांच्या आवडीचे रूप घेतल्यावाचून लोकांशी बोलता येत नाही, हे त्या पिढीला उमगले होते. पण त्याच वारशाची एक बाजू अप्रिय आहे. पोवाडा चळवळीने अभिमानाने मिरविला. लावणी आणि ती गाणारी स्त्री मात्र दूरच ठेवली. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतांवर आणि २००२ साली लावणी व पोवाडा या दोहोंवर लिहिताना लोकप्रिय संस्कृतीचा प्रश्न जात व लिंगभाव यांपासून तोडता येत नाही, हे दाखवून दिले. शैलजा पाईक यांच्या २०२२ सालच्या ग्रंथाने तमाशातील दलित स्त्रियांच्या संदर्भात हाच धागा पुढे नेला. ज्या कलेने मराठी चित्रपटाला पैसा मिळवून दिला, त्या कलेतील स्त्रीला 'अश्लील' ठरवून तिच्या कष्टाची किंमत पाडण्यात आली. नाच पाहिला गेला, नाचणारीचे श्रम पाहिले गेले नाहीत. हुपरीचा प्रश्न वेगळ्या रूपात हाच आहे.

तथापि, चाहत्यांचा हा गौरव एका मर्यादेपलीकडे ताणणेही धोक्याचे आहे. प्रेक्षक आपला अर्थ आपण लावतो, हे खरे. पण कोणती कथा दाखवावयाची हे तो ठरवीत नाही. एम. एस. एस. पांडियन यांनी १९९२ साली एम. जी. रामचंद्रन यांच्यावरील पुस्तकात दाखविले की, पडद्यावर गरिबांचा कैवारी झालेल्या नटाला तमिळनाडूतील गरिबांनी, त्यातही स्त्रियांनी, भरभरून सत्ता दिली. त्याच्या राजवटीत आर्थिक ओझे मात्र गरिबांवरच पडत राहिले. प्रतिमेवरचे प्रेम खरे होते, पण त्या प्रेमाचा मोबदला मिळाला नाही. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ स्माइथ यांनी १९७७ सालीच सांगून ठेवले होते की, व्यापारी दूरचित्रवाणी कार्यक्रम विकत नाही, ती जाहिरातदारांना प्रेक्षक विकते. या दृष्टीने पाहिल्यास हुपरीतील ती बाई एकाच संध्याकाळी दोनदा राबते. तिचे हात व्यापाऱ्यासाठी पैंजण घडवितात आणि तिचे डोळे वाहिनीसाठी प्रेक्षकसंख्या घडवितात. पहिल्या कामाची तुटपुंजी मजुरी तरी मिळते.

शिवाय या दोन बाजारांचे नाते वाढत चालले आहे. २०१३ साली सुरू झालेल्या 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतील नायिकेचे मंगळसूत्र राज्यभर इतके लोकप्रिय झाले, की सराफ ते तिच्या नावाने विकू लागले. हुपरीपासून फारशा दूर नसलेल्या वसगडे गावातील वाडा 'तुझ्यात जीव रंगला' या २०१६ साली सुरू झालेल्या मालिकेमुळे प्रसिद्ध झाला आणि तेथे चाहत्यांची रीघ लागली. पडद्यावरील दागिना बाजारात येतो, बाजारातील मागणी कारागिराच्या घरात येते. नवी नक्षी आली की जुना हातखंडा निरुपयोगी होतो, काम शिकण्यात दिवस जातात आणि त्या दिवसांचा भार कामगारावर पडतो. फॅशनचा नफा दुकानात आणि फॅशनची जोखीम घरात, अशी ही वाटणी आहे.

येथे चाहत्यांविषयीचे संशोधन अपुरे पडते. त्याने स्त्रीला प्रेक्षक म्हणून प्रतिष्ठा दिली, पण ती पाहत असताना तिचे हात काय करीत असतात हे फारसे विचारले नाही. हा प्रश्न दुसऱ्या एका अभ्यासाने विचारला होता. मारिया मीस यांनी १९८२ साली आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर पुस्तक लिहिले. त्या स्त्रिया परदेशी बाजारासाठी दिवसचे दिवस विणकाम करीत. तरीही व्यापारी, सरकार आणि त्यांचे स्वतःचे पुरुष त्यांना घरी बसणाऱ्या गृहिणीच समजत. विणकाम हे फावल्या वेळचे काम मानले गेले, म्हणून त्याची मजुरीही फावल्या वेळच्या कामासारखी राहिली. 'गृहिणी' हा शब्द येथे कौतुकाचा नव्हता, मजुरी पाडण्याचे ते साधन होते.

रॅडवे यांची वाचक स्त्री आणि मीस यांची विणकर स्त्री वेगवेगळ्या ग्रंथांत राहतात. हुपरीत त्या एकाच ओसरीवर, एकाच देहात बसलेल्या असतात. एका अभ्यासाने तिला फुरसत दिली, पण श्रम काढून घेतले. दुसऱ्याने श्रम दाखविले, पण तिची आवड दाखविली नाही. वस्तुतः तिच्याजवळ फुरसत अशी नाहीच. मालिका पाहण्याचा तासही तिने हात विकून मिळविलेला आहे. समोर मालिका असल्याने काम हलके वाटते हे खरे, पण त्याच कारणाने ते काम 'काम' दिसेनासे होते. कच्चा माल घरच्या पुरुषाच्या नावाने येत असेल आणि मजुरीही त्याच्याच हाती पडत असेल, तर ही बाई आकडेवारीत बिनपगारी मदतनीस म्हणूनच नोंदली जाते. २०२५ साली चांदीचा भाव किलोला लाख रुपयांच्या पुढे गेला, त्याची ठळक बातमी झाली. कडी जोडण्याच्या मजुरीची बातमी होत नाही.

घरी बसून केलेल्या कामाला कायदा ओळखूच शकत नाही, असे नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले होते. त्यामागे विडी कामगारांची झुंजार संघटना होती. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या केली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती केली. २०२१ पासून ई-श्रम नोंदणीही सुरू झाली. परंतु नोंदणीचे कार्ड म्हणजे मजुरीचा दर नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरकामगारांविषयी, म्हणजे घरी बसून मालकासाठी माल तयार करणाऱ्यांविषयी, १७७ क्रमांकाचा करार संमत केला. इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक हे त्याचे सूत्र आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

काही कार्यकर्ते विचारतील, मजुरीचा प्रश्न असेल तर मजुरीविषयीच बोलावे, मालिकांचे हे आख्यान कशाला? याचे उत्तर हुपरीच्या दक्षिणेला, राज्याच्या सीमेपलीकडे निपाणीत सापडते. तेथील तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर युगांतर या चित्रपट गटाने १९८२ साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट त्या स्त्रियांच्याच सहभागाने तयार केला. धुळीत राबणाऱ्या बाईला पडद्यावर पाहण्याची सवय कोणालाच नव्हती, तिला स्वतःलाही नव्हती. जिचे जगणे पडद्यावर कधीच दिसत नाही, तिला ते जगणे बोलण्याच्या योग्यतेचेच वाटत नाही. पडद्यावरच्या सुना दागिने घालतात, दागिने घडविताना दिसत नाहीत. म्हणून करमणुकीचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

यातून काही कामे सरळ निघतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास या शाखांनी हुपरी परिसरातील स्त्रियांच्या वेळेचा व मजुरीचा एकत्र अभ्यास हाती घ्यावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ व २०२४ साली वेळेच्या वापराच्या पाहण्या केल्या, पण त्यांचा आवाका देशव्यापी आहे. एका गावातील एका धंद्याचे बारकावे त्यांत उतरणे शक्य नाही. तासाला किती कड्या जुळतात आणि त्यांचे किती पैसे होतात, एवढा साधा हिशेबही मांडला गेला तर मोठे काम होईल. पक्षाच्या शाखांनी विद्यापीठाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक बाईच्या स्वतःच्या नावाचे मजुरीपुस्तक, कामाच्या नगाला व वजनाला किमान दर, आणि नवी नक्षी शिकण्याच्या दिवसांचा मोबदला, या तीन मागण्या आजच मांडता येतील. बाहेरच्या पेठांशी स्पर्धा करणाऱ्या लहान कारखानदाराची अडचण खोटी नाही. म्हणूनच दर एका घरापुरता नव्हे, सबंध धंद्याला लागू करावा लागेल. तसे झाले तर प्रामाणिक मालकाला स्वस्त मजुरीवाल्याची भीती उरणार नाही.

आणि एक काम कार्यकर्त्यांनी स्वतःशी करावयाचे आहे. १९७२ साली महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी भगिनींनी लाटणे हाती घेतले, कारण स्वयंपाकघरातील स्त्रीशी तिच्या भाषेत बोलावयाचे होते. तेव्हा लाटण्याला कोणी क्षुद्र म्हटले नाही. हुपरीत सभेची वेळ मालिकेच्या वेळेवर ठेवून बायका आल्या नाहीत म्हणून हळहळणे, हे त्या परंपरेला शोभणारे नाही. त्या वेळी ओसरीवर जाऊन बसावे, मालिका संपेपर्यंत पाहावी, त्यातील सुनेचे काय चुकले ते त्यांच्याकडून ऐकावे. मग ताटातील कड्यांकडे बोट दाखवून विचारावे, याचे किती मिळतात? उत्तर देताना एकीचा आकडा दुसरी ऐकेल आणि दोघींचे आकडे जुळत नाहीत हे त्यांच्याच ध्यानात येईल. संघटनेची सुरुवात तेथून होईल.