टँकर नको, नळ हवा

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्याआधी पाण्यासाठी शहरात जमावबंदी लागली होती. गल्लोगल्ली दारात निळी बॅरलं. त्यांवर ऑइलपेंटने नाव, झाकणाला कुलूप. टँकरची वाट पाहत रात्र जागायच्या त्या बायका. धरणातलं पाणी उसाला किती आणि घागरीला किती, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. पलीकडे नांदेडला गोदावरी आहे, तिच्यावरचं विष्णुपुरी धरण आहे. तरी त्याच जिल्ह्यातल्या मुखेड-कंधारच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागतेच.

म्हणूनच या अंकात मृणाल गोरे यांची आठवण. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. मुंबईतल्या गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. त्यांनी टँकर वाटून मतं मागितली नाहीत. नळ हा हक्क आहे, असं ठणकावून सांगितलं. १९६१ मध्ये नगरसेविका, १९७२ मध्ये आमदार. महागाईविरुद्ध कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांसह लाटणी-थाळ्या घेऊन बायका रस्त्यावर आणल्या. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायकांनी त्या मोर्चात पक्षभेद बाजूला ठेवले. आणीबाणीत तुरुंग भोगला, १९७७ मध्ये खासदार झाल्या. घोषणा गाजली (दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी) : ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!’ पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्यांनी आवाज उठवला आणि १९८८ मध्ये देशातला तसा पहिला कायदा महाराष्ट्राने केला.

सत्तेत बायका किती, हाही प्रश्न आहेच. १९८६ साली नॉर्वेत मजूर पक्षाच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलान यांच्या १८ जणांच्या मंत्रिमंडळात ८ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, पण कित्येक गावांत खुर्ची बाईची आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा. आरक्षणाने दार उघडलं; आत जाऊन भांडायचं ते मृणालताईंसारखं स्वतःच भांडावं लागतं.

  वाचक भगिनींना एक विनंती : ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. जा, पाण्याचा हिशेब मागा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.



— संपादक