आरोग्य ॲपने वापरणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे



आरोग्याच्या नोंदी ठेवणारी मोबाइल ॲप्स माहिती भरपूर गोळा करतात. पण ती ज्याची आहे त्याच्या हाती काय पडते? रोजच्या दहा हजार पावलांचेच घ्या. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राबरोबर तो रूढ झाला. तरीही गुडघेदुखीच्या आजींना आणि विशीतल्या नातवाला अनेक ॲप्स तेच लक्ष्य देतात. आजी गेल्या महिन्यापेक्षा जास्त चालल्या, हे त्या लक्ष्यात दिसत नाही.

मी मधुमेही आहे. रात्री भाताने माझी साखर जास्त चढते की ज्वारीच्या भाकरीने, जेवणानंतर चालल्याने फरक पडतो का, हे मला कळायला हवे. घरच्या ग्लुकोमीटरवर ते तपासता येते. ॲपने काही दिवस भात, काही दिवस भाकरी असा क्रम आखून द्यावा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजायची आठवण करावी आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडावेत. झोप, ताण, गोळीची वेळ यांनीही साखर बदलते. म्हणून एकाच दिवसावरून निष्कर्ष काढू नये आणि फरक किरकोळ असेल तर तसे स्वच्छ सांगावे. उत्तर मिळाले की नोंदी थांबवू द्याव्यात.

जेवण नोंदवणेही सोपे हवे. भाकरी तर प्रत्येक घरी वेगळ्या जाडीची. पीठ एकदा वजन करून सांगितले की ॲपने ते लक्षात ठेवावे. आमटी वाटीने मोजू द्यावी, ग्रॅमने नव्हे.

एचबीए१सी ही रक्तचाचणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. साखर नेमकी कोणत्या जेवणाने चढते, हे त्यातून कळत नाही. ते सांगणारा एकपानी गोषवारा डॉक्टरांपुढे ठेवता आला, तर तपासणीच्या मोजक्या मिनिटांत औषधाबद्दल नेमके बोलता येईल. रंगीत आलेख चाळायला तिथे कोणालाच सवड नसते.

आणखी एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला, पण ती एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्याचा हक्क दिलेला नाही. ॲप बदलले की वर्षानुवर्षांचे आकडे मागेच राहू शकतात. सरकारने ही तरतूद कायद्यात करावी, आणि ॲप बनवणाऱ्यांनी तोवर न थांबता सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात उतरवून घेण्याची सोय आजच द्यावी.

– एक मधुमेही वाचक, सोलापूर