पडत्या भावाचे घर

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेत तिला ‘आणि विकून’ अशी पुस्ती जोडण्याची वेळ आली. २००६ नंतर तेथे घरांचे भाव कोसळले आणि २००८ साली बँकाही डळमळल्या. समजा, तीन लाख डॉलरचे घर दोन लाखांवर आले, पण डोक्यावरचे कर्ज पावणेतीन लाखांचे तसेच राहिले. अशा वेळी बँकेच्या संमतीने मालकाने घर विकायचे आणि येतील ते दोन लाख बँकेने पत्करायचे, या व्यवहाराला तेथे ‘शॉर्ट सेल’ म्हणतात. उरलेले पाऊण लाख माफ होतात की नाही, हे करारावर व त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते.

अशी घरे घेऊन पैसा मिळवणे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे नव्हे काय? पुष्कळांना तसे वाटते. मला वाटत नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही तर घर जप्त होऊन लिलावात जाते. जप्ती झालेल्याला ‘फॅनी मे’च्या नियमाप्रमाणे नव्या गृहकर्जासाठी साधारण सात वर्षे थांबावे लागते, तर शॉर्ट सेल करणाऱ्याला चार. म्हणजे खरेदीदार येथे संकटातल्या माणसाच्या उपयोगीही पडतो.

मात्र हा कायमचा धंदा समजू नये. २०१२ नंतर भाव सावरले, तसतसे असे व्यवहार ओसरले. ज्याची भरभराट इतरांच्या पडझडीवर अवलंबून, त्याच्या भवितव्याचा भरवसा कोणी द्यावा?

आपल्याकडे २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देते, मग ताबा घेते आणि बहुधा लिलाव करते. आमच्या गल्लीत एका दारावर ताब्याची नोटीस चिकटवलेली मी पाहिली आहे. येणारेजाणारे ती वाचत होते. आत माणसे होती, पण संध्याकाळ झाली तरी त्या घरात दिवा लागला नाही.

खासगी कराराने विक्री करण्याची सोय आपल्या नियमांतही आहे. मग कर्जदाराला स्वतः गिऱ्हाईक शोधण्याची संधी बँकांनी आधी का देऊ नये? भाव थोडा बरा येईल, आणि दारावर कागद लागणार नाही.

मित्रहो, उद्या आपणही कमावू, लिलावाच्या जाहिराती वाचू. स्वस्तातले घर जरूर घ्यावे. पण तेथे कोण राहत होते, एवढी चौकशी तरी करावी.