चौकटीबाहेरचा काठ

पुढे पाणी, पाण्यावर पूल आणि पाठीमागे दिव्यांनी उजळलेल्या मनोऱ्यांची रांग, अशा चौकटीत स्वतःला न्याहाळण्याची सवय आता प्रत्येक महानगराला जडली आहे. हैदराबादेत दुर्गम चेरुवू तलावावर २०२० साली केबल पूल झाला, हुसेनसागराच्या काठी २०२३ साली नवे सचिवालय उभे राहिले, आणि रोज संध्याकाळी शेकडो हात भ्रमणध्वनी उंचावून तिथे उभे राहू लागले. सुंदर वस्तूचे छायाचित्र काढावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न एवढाच की, त्या चौकटीतले पाणी कुणाच्या अंगणातून यायचे ठरले होते?

गोदावरीवरच्या काळेश्वरम उपसा योजनेच्या आराखड्यात ३० टीएमसी पाणी हैदराबाद शहरासाठी राखून ठेवले होते. त्या योजनेचा पहिला बंधारा मेडिगड्ड्याचा. लांबी सुमारे १.६ किलोमीटर, दरवाजे ८५. त्याचे एक टोक तेलंगणात टेकते आणि दुसरे महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीशी. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत दोन राज्यांचा करार झाला, पाण्याची पातळी १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ रोजी लोकार्पण झाले, त्याला महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. मुख्यमंत्र्यांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सर्वत्र झळकली. पोचमपल्ली त्या छायाचित्रांत होती ती क्षितिजावरची एक हिरवी रेघ म्हणून!

त्यानंतरची दोन-चार वर्षे मेडिगड्डा हे नव्या राज्याचे तीर्थक्षेत्र होते. आकाशातून ड्रोन फिरले, ८५ दरवाजांतून उसळणाऱ्या पाण्याची दृश्ये घरोघरी पोहोचली. २०२१ साली डिस्कव्हरी वाहिनीने नदी उचलून नेणाऱ्या या पराक्रमावर माहितीपट दाखविला. नदी उचलताना काठावरचे काय काय बुडते, हे दाखविण्यासाठी कॅमेऱ्याला थोडेसेच उत्तरेकडे वळावे लागले असते. तो वळला नाही. कॅमेरा जिकडे पैसा असतो तिकडेच पाहतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु या प्रकरणात तरी त्याने दुसरीकडे पाहिल्याचा पुरावा सापडत नाही.

उत्तरेच्या काठावर काय होते? पाणी अडविले की फुगवट्याने काठालगतची शेते ओली होत, पावसाळ्यात दरवाजे उघडले की वेगाने सुटलेल्या लोंढ्याने काठ खचत आणि कापसाच्या, धानाच्या, मिरचीच्या जमिनीवर वाळू येऊन पडे. जुलै २०२२ च्या महापुरात तर गावेच्या गावे सोडावी लागली. संपादनाच्या यादीत नसलेली जमीन पाण्याखाली जाते, ही मूळ तक्रार होती. २०२२ च्या अखेरीस बाधित गावांतील शेतकरी सिरोंच्यात उपोषणाला बसले, तेव्हा त्यांची छायाचित्रे घ्यायला राजधान्यांतून कुणी फिरकले नाही. जिल्ह्याचे ठिकाणच तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर; मुंबईला तर सिरोंचा नकाशातही बोटाने शोधावे लागते.

हे उपेक्षेचे दुखणे आजचे नव्हे. १८६० च्या सुमारास सिरोंचा हे ऊर्ध्व गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते, कारण इंग्रजांना गोदावरीतून कापसाच्या नौका न्यायच्या होत्या. खडकांच्या अडथळ्यांवर बंधारे-कालवे बांधता बांधता पैसा संपला, १८७१ साली योजना गुंडाळली गेली आणि तीन वर्षांनी सिरोंचा चांदा जिल्ह्याची शेपटी बनले. पोचमपल्लीचीच गोष्ट घ्या. तिच्या शिवारात १९६० च्या दशकारंभी बारापासॉरस या प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली. त्या सांगाड्यापुढे उभे राहून छायाचित्र काढायचे असेल, तर पोचमपल्लीच्या मुलांना कोलकात्याला, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात जावे लागेल. हाडे गेली, पाणी गेले; राहिला तो गाळ.

आणि मुंबईकरांनी हैदराबादकडे बोट दाखवू नये. मुंबईच्या समुद्रकाठच्या दिव्यांची माळ जगभर मिरविली जाते, पण त्या शहराच्या विजेसाठी टाटांचे धरण मुळशीत बांधले गेले आणि मावळ बुडाला. १९२१ साली सेनापती बापटांसह मावळ्यांनी तिथे सत्याग्रह केला. शहराचा झगमगाट आणि खेड्याचे बुडणे यांचा हिशोब एकाच वहीत मांडायला त्यांनी शिकविले. १९८३-८४ साली इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या धरणांविरुद्ध आदिवासींनी व बाबा आमट्यांनी हीच वही पुन्हा उघडली होती.

भांडण तेलंगणातील शेतकऱ्याशी मुळीच नाही. करीमनगरच्या रानाची तहान खरी आहे आणि सिरोंच्यातल्या घराघरांत तेलुगूच बोलली जाते. नदीच्या दोन्ही काठांवर रोटी-बेटीचे व्यवहार आहेत. भांडण आहे ते दोन्ही काठांना न विचारता ठेकेदारांच्या सोयीने नदी वाकविणाऱ्या राज्यकर्त्यांशी.

२१ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी बंधाऱ्याच्या सातव्या भागातील खांब खचले आणि वरचा पूल वाकला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या समितीने नियोजन, संरचना, बांधकामाचा दर्जा आणि देखभाल या सर्वांतच दोष काढला. पाणी साठविणे थांबले. मग मेडिगड्ड्याला यात्रा भरली. विरोधी नेते आले, नवे सत्ताधारी आमदारांना घेऊन आले, पाडाव झालेले सत्ताधारीही आले, आणि प्रत्येकाने खचलेल्या खांबापाशी आपले छायाचित्र काढून घेतले. २०२४ साली परवानगीविना ड्रोन उडविल्याबद्दल विरोधी नेत्यांवर गुन्हाही नोंदविला गेला. बंधारा धड होता तोवर ड्रोन ही शोभा. तडा गेल्यावर तोच ड्रोन धोका!

या सगळ्या गर्दीत एकच माणूस असा आहे की ज्याच्यावर छायाचित्राची सक्ती आहे. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र पाठवायचे, तरच सातबाऱ्यावर पीक चढणार आणि नुकसानभरपाईच्या वेळी ते मोजले जाणार. सिरोंच्याच्या नदीकाठी भ्रमणध्वनीला खांबावरचा संकेत मिळत नाही, ही अडचण गौण. ज्याचे शेत पाण्याखाली आहे किंवा वाळूखाली गाडले आहे, त्याने कशाचे छायाचित्र काढावे? नसलेल्या धानाचे? सरकारला महापुराचे पाणी तलाठ्याच्या डोळ्यांनी दिसत नाही, उपग्रहाने दिसत नाही, पण बुडालेल्याने हात वर काढून स्वतःच्या बुडण्याचे चित्र पाठविले तर त्याचा विचार होतो!

तेव्हा गडचिरोलीतील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी काठच्या गावांत जाऊन प्रत्येक गटाचे छायाचित्र घ्यावे: आज जमीन कशी आहे, वाळू किती खोल आहे, बांध कुठे होता. त्यावर तारीख व गट क्रमांक लिहून ग्रामसभेत त्याचे वाचन करावे आणि एक प्रत खातेदाराकडे ठेवावी. संपादनाबाहेर राहूनही बुडालेल्या जमिनीची दोन्ही राज्यांनी संयुक्त मोजणी करावी, ही मागणी त्याच कागदांच्या आधारे करावयाची आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा गठ्ठा सभागृहाच्या मेजावर ठेवणारा एक तरी सदस्य गाठावा लागेल, आणि त्याने पोचमपल्ली आधी पाहिलेली असावी.