उच्चार आणि अर्थ

ऐन दिवाळीत फराळाच्या ताटात व्याकरण वाढतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण गोष्ट पोटाचीच आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, गडचिरोलीकडचा शाळामास्तर. मागे शिक्षकांच्या एका वर्गात मी ‘प्रोड्यूस’ हा इंग्रजी शब्द मोठ्याने वाचला आणि शहरातून आलेले व्याख्याते हसले. ते म्हणाले, नाम असेल तर जोर आरंभी द्यावा. मग अर्थ ‘माल’, ‘उपज’. क्रियापद असेल तर जोर शेवटी द्यावा. मग अर्थ ‘पिकवणे’, ‘निर्माण करणे’. धडा बरोबर होता, हसणे चूक होते. आपल्या ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च तरी कुठे एक आहे? तिथे परका माणूस अडखळला, तर आपण त्याला अडाणी म्हणत नाही.

शिवाय त्या शब्दाचा तिसरा अर्थ त्यांनी सांगितलाच नाही. तो आमच्या रानातल्या माणसाला सर्वांआधी कळतो. प्रोड्यूस करणे म्हणजे हजर करणे! कित्येक वर्षे आमच्याकडचा व्यवहार असा: बांबू हा ‘फॉरेस्ट प्रोड्यूस’; तो घेऊन निघालेल्याने वाहतूक परवाना ‘प्रोड्यूस’ करावा; न केल्यास नाकेदाराने पकडून त्यालाच कोर्टात ‘प्रोड्यूस’ करावे. आघात कोणत्याही अक्षरावर द्या, तो बसायचा एकाच पाठीवर.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या पोटात बांबूही घातला. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरडाला कोणी विचारले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला तेंदूपत्ता, मध, लाख यांच्या पंक्तीला, म्हणजे गौण वनोपजात, बसवले. तरी २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वाहतूक परवान्यांचे पुस्तक हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले. २०१७ साली झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले!

मेंढ्याच्या लोकांनी यासाठी उच्चार सुधारले नव्हते. गावात अभ्यासगट बसवून त्यांनी कायद्याच्या शब्दांचे अर्थ समजून घेतले होते. आणि आम्ही शाळेत काय करतो? ज्या मुलाची आई पहाटे तेंदूपत्ता तोडायला जाते, त्याला जोर कुठे द्यायचा ते शिकवतो. त्या पानाला कायदा काय म्हणतो, आणि ते कोणाचे, हे शिकवत नाही. वर त्याच्या उच्चाराला हसतो, आणि पोर आयुष्यभर साहेबापुढे तोंड उघडत नाही.

उच्चार शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. मी दोन्ही शिकवतो. पण तिन्ही अर्थ आधी. जोर चुकला तर फार तर एक मार्क जाईल. अर्थ कळला नाही, तर हातातला बांबू जाईल. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे.